पगार सांगू नकोस, उरतं ते सांग

अगं, तुझा मेसेज वाचला. "ताई, साडेतीन हजार युरो! म्हणजे साडेतीन लाख!" सिरसाळ्यात एव्हाना निम्म्या गल्लीनं तो आकडा शंभरनं गुणून पाहिला असेल. तू ये, मी अडवणार नाही. पण गुणाकाराआधी जरा वजाबाकी करू.

साडेतीन हजार मिळतात ते मान्यता झालेल्या नर्सला. जुलै २०२५ पासून इथं जर्मनीत वृद्धसेवेत तिला तासाला किमान २०.५० युरो आहेत. तुझी अंबाजोगाईची पदवी इथं मान्य होईपर्यंत तू मदतनीस, आणि मदतनिसाला किमान १६.१०. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याचे साधारण २,७८५ होतात. त्यातून आयकर, पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा, वृद्धसेवा विमा गेला की हातात एकोणीसशेच्या आसपास. वयाच्या तेविसाव्या वर्षानंतर मूल नसेल तर त्या शेवटच्या विम्याला थोडे जादा कापतात. आपल्याकडं बाया नुसत्या बोलतात, इथं पैसे जातात!

स्टुटगार्टात चौघींच्या घरातली एक खोली पाचशे-सहाशे युरोंच्या खाली मिळणं अवघड. भाडं ऐकलंस की पहिला प्रश्न विचार, त्यात हीटिंग धरलंय का. अनामत म्हणून तीन महिन्यांचं मूळ भाडं मागू शकतात, ते येतानाच जवळ लागेल. देशभरच्या लोकल गाड्या-बसचा पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. घरात टीव्ही नसला तरी घरटी महिन्याला १८.३६ प्रसारण-शुल्क. डाळ, तांदूळ, दूध परवडतं. मात्र कशालाही माणसाचा हात लागला की महाग, मग केस कापणं असो की नळ दुरुस्ती. सगळं जाऊन पहिल्या वर्षी सातशे-आठशे उरले तर उत्तम चाललंय म्हणायचं.

आता कामाचं. हे एजंट सांगत नाहीत, म्हणून नीट ऐक. अंबाजोगाईच्या वॉर्डात पेशंटला पुसणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन, हे नातेवाईक नाहीतर मावशी करतात. आपण इंजेक्शन, सलाईन, फाइल बघतो. इथं अंघोळ घालण्यापासून सगळं नर्सच करते, आणि शिरेतून औषध देणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच्या हाती असतं. बी.एस्सी. करून आलेल्या मुली पहिल्या महिन्यात रडतात त्या थंडीनं नव्हे, यानं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तुला वाटणार असेल तर आत्ताच ठरव.

जर्मन भाषेला सहज वर्ष-दीड वर्ष धर. त्यातली बी-टू पातळी लागते, म्हणजे फोनवर डॉक्टरचा घाईतला निरोप बिनचूक घेता येणं. क्लास सिरसाळ्यातून ऑनलाइन होईल, परीक्षेला पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जा. तोवर नोकरी सोडू नकोस, इथं वॉर्डातला अनुभव विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आमच्या या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला, दहा हजारांचा आकडा पेपरात गाजला. चांगलं आहे. पण करारानं दार उघडतं, आत जायला भाषेचं सर्टिफिकेट तुझं तुलाच काढावं लागतं.

आणि पैसे भरून येऊ नकोस. नोंदणीकृत एजंटला आपल्या कायद्यानं जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावतीवर. ई-मायग्रेटच्या साइटवर त्याचं नाव बघ. जर्मनीत तर नर्सच्या भरतीचा खर्च मालकानं करायचा अशी अट पाळणाऱ्या संस्थांना सरकारी शिक्का मिळतो. तसलीच संस्था शोध. एखादा म्हणेल, "आत्ता काही देऊ नका, क्लास-तिकीट आमचं, फक्त तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर इतके हजार युरो परत." बाई, ही उचलच आहे. आपल्या भागात मुकादमाची उचल घेऊन दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला विचार, फिटेपर्यंत फड बदलता येतो का?

शेवटचं, आपल्या दोघींतलं. घरी पगाराचा आकडा सांगू नकोस, उरतं तेवढंच सांग. नाहीतर पहिल्या महिन्यातच बोअर, लग्न, गाडी अशा मागण्या सुरू होतील. आणि दादा म्हणेल, वावर घेऊ. एनआरआयला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते. म्हणजे वावर तुझ्या पैशानं आणि सातबारा दादाच्या नावावर! दादा वाईट नाही, पण कागद कागद असतो. घ्यायचंच तर परळीत घर घे, ते तुझ्या नावावर होतं. नाहीतर तुझ्या एकटीच्या नावाचं एनआरई खातं काढ, त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही.

काँट्रॅक्ट आलं की सगळी पानं मला पाठव, बारीक अक्षरातली आधी. मी वाचेपर्यंत सही करू नकोस.