घाटात थांबणारी मोटार

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गाजवळ अंबड हे गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत येथे असल्यामुळे यंत्रांचा खडखडाट गावाच्या अंगवळणी पडला आहे. या वसाहतीतील एका लहान कारखानदाराकडे वडिलांच्या वेळची, १९६८ सालची फियाट मोटार होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात अशा गाड्या तयार होत. पुढे ‘पद्मिनी’ हे नाव धारण करून हीच गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून प्रसिद्ध झाली. टॅक्सीस २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. अशा गाडीचे सुटे भाग मिळविणे आता किती कठीण असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता.

या मोटारीला एक विचित्र व्याधी जडली. सपाट रस्त्यावर ती संथपणे, तक्रार न करता चाले. परंतु कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढताना पायाने जोर देऊन वेग वाढवू गेले, की इंजिन आचके देई आणि बंद पडे. एकदा तर मालवाहू ट्रकला ओलांडत असतानाच ते थांबले. मागून येणाऱ्या वाहनाने वेळीच ब्रेक लावला, म्हणून अनर्थ टळला. “ही गाडी भंगारात द्या,” असे घरातील मंडळी म्हणू लागली. कोणी नवे स्पार्क प्लग बसवले, कोणी कॉइल बदलली, कोणी जुन्या बाजारातून दुसरा कार्बोरेटर आणला. खर्च वाढला, व्याधी तशीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

अखेर एका वृद्ध कारागिरास बोलावण्यात आले. सारे त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. मालकांची सातवीतील मुलगी जवळ उभी होती, तिलाच त्यांनी विचारले, “पोरी, तू गाडीत होतीस ना? मग थांबताना ती कशी थांबते, ते सांग.”

मुलगी म्हणाली, “काका, आधी दोन-तीन हिसके बसतात. मग दम लागल्यासारखी ती मंदावते आणि थांबते. पाच मिनिटांनी मात्र पहिल्याच फेरीत सुरू होते.”

“आणि हे दुपारच्या उन्हातच होते का?”

“नाही, परवा पहाटे थंडीतही झाले.”

या दोन उत्तरांनी अर्धे काम झाले. ते कसे, हे समजण्यासाठी इंजिनाचे कार्य थोडक्यात पाहू. पेट्रोलचे इंजिन दोन गोष्टींवर चालते : हवेत मिसळलेले पेट्रोल आणि त्यास पेटविणारी विजेची ठिणगी. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. या फियाटचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. ते मिनिटास ३००० फेरे घेत असता दर सेकंदास १०० ठिणग्या पडतात! ठिणगी खंडित झाली, तर इंजिन दिवा मालवावा तसे एकाएकी थांबते. पेट्रोल कमी पडले, तर मात्र कार्बोरेटरच्या वाटीत साठलेले चार घोट संपेपर्यंत ते कसेबसे धावते व मग मंदावते. मुलीने वर्णिलेले लक्षण दुसऱ्या प्रकारचे होते. आता उन्हाने तापून नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि वाट अडते, असाही एक दोष जुन्या गाड्यांत आढळतो. परंतु पहाटेच्या थंडीत तो कसा संभवेल?

म्हणजे पेट्रोल अपुरे पडत होते. पण कोठे? टाकी गाडीच्या मागे, इंजिन पुढे. मधल्या लांब नळीतून इंजिनाजवळचा लहानसा पंप पेट्रोल ओढून घेतो. (रस्त्याकडेला आपण पाहतो तो पंप हा नव्हे.) मिस्त्रीकाकांनी प्रथम टाकीचे झाकण सैल केले. झाकणाचे बारीक छिद्र बुजले, तर आत हवा शिरत नाही व पेट्रोल बाहेर येत नाही. झाकण सैल ठेवूनही गाडी चढावर थांबली. तेव्हा ही शंका फिटली. मग त्यांनी टाकीकडून येणारी नळी सोडविली आणि धातूच्या बंद डब्यातील स्वच्छ पेट्रोल थेट पंपास जोडले. डबा पक्का आवळला, आग विझविण्याचे नळकांडे जवळ घेतले आणि गाडी त्याच चढावर नेली. असे काम तुम्ही कधीही करून पाहू नये. ते जाणत्या कारागिराचेच आहे. गाडी मात्र भरधाव चढून गेली!

या एकाच प्रयोगाने पंप, कार्बोरेटर, प्लग व कॉइल हे सारे निर्दोष ठरले. दोषी उरली ती टाकी आणि तिची नळी.

टाकी उतरविली, तेव्हा तळाशी गंजाचे पापुद्रे साठलेले आढळले. गाडी महिनोन्महिने उभी राही. अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील ओलावा जमे आणि पत्रा गंजे. पेट्रोल हळूहळू ओढले जाई, तोवर पापुद्रे तळाशी स्वस्थ असत. जोराने ओढले, की ते नळीच्या तोंडावर जाऊन चिकटत. इंजिन थांबले, ओढ संपली, की पुन्हा खाली पडत. पाच मिनिटांच्या विश्रांतीचे रहस्य ते हेच. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२५ साली ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते व जुना मळ सुटा करते. तेव्हा या गंजास त्याचाही हातभार लागला असणे शक्य आहे.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची, कारण तिच्यात स्फोटक वाफ कोंडलेली असते. म्हणून मिस्त्रीकाकांनी ती उघड्यावर, विस्तवापासून दूर ठेवून पुनःपुन्हा पाण्याने धुतली. मग आत मूठभर खडे घालून ती खळखळून हलविली आणि पुन्हा धुऊन दोन दिवस उन्हात वाळविली. नळीत नवी गाळणी बसविली. त्यानंतर मोटार कसाऱ्याचा घाट न थांबता चढली. महिन्याने ती गाळणी उघडली, तेव्हा तिच्यात चिमूटभर गंज पुन्हा आलेला होता. मुलीने तो कागदावर झटकला आणि गाळणी स्वच्छ करून मिस्त्रीकाकांच्या हाती दिली.