दोन्ही हवंय ना? मग ऐक

अगं, काल फोनवर आबा शेजारी होते, मोकळं बोलता आलं नाही. लहान मुलांच्या मेंदूची सर्जन व्हायचंय आणि प्रयोगशाळेत संशोधनही करायचंय, असं तू म्हणालीस आणि ते गप्पच झाले. मनात वर्षं मोजत असणार. मोजू देत. एमबीबीएस साडेपाच, एमएस तीन, मग एमसीएच तीन. काही ठिकाणी एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांची एमसीएच आहे. बॉण्डचं वर्ष, प्रवेश परीक्षांत जाणारा काळ आणि लहान मुलांचं खास प्रशिक्षण वेगळं. कसंही धर, तिशी ओलांडल्याशिवाय दारावर पाटी लागत नाही. कळंबच्या मावश्या लग्नाचं विचारणारच. "पोरीच्या जातीला झेपंल का" म्हणाल्या तर सांग, मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका १९६८ साली एमसीएच झाल्या, भारतातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन. पुढे वाद घालू नकोस, अभ्यासाला बस.

न्यूरोच्या ओटीत सिस्टर म्हणून उभी राहते, म्हणून सांगते, सिनेमात दाखवतात तसं नसतं. बरेच दिवस 'डोक्यात पाणी' झालेल्या बाळांचे असतात. शंट टाकायचा, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी बारीक नळी. ती तुंबते. तेच पोर पुन्हा टेबलावर, बाहेर तीच आई. सर्जनचा जीव इथे शिणतो, आणि खरे प्रश्नही इथेच पडतात. स्टीव्हन शिफ या अमेरिकन बालन्यूरोसर्जनना असा एक प्रश्न युगांडात पडला. तिथल्या कितीतरी तान्ह्या बाळांच्या डोक्यात जंतुसंसर्गानंतर पाणी होत होतं, पण जंतू कोणता ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या गटाने तेच पाणी प्रयोगशाळेत तपासलं आणि पेनिबॅसिलस नावाचा, कुणाच्या ध्यानीमनी नसलेला जंतू पकडला. २०२० साली ते छापून आलं. त्याच देशात आपला स्वस्त भारतीय छाब्रा शंट आणि महागडा परदेशी शंट १९५ मुलांत ताडून पाहिले होते. वर्षभराच्या निकालात फरक दिसला नाही. २००५ ची गोष्ट. हेही संशोधनच की गं, आणि त्याला सूक्ष्मदर्शकही लागला नाही.

आपल्याकडचं सांगू? खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. तिथे डॉ. नीलम शिरसाट यांनी मेडुलोब्लास्टोमावर काम केलं. मुलांच्या लहान मेंदूत होणारी ही कॅन्सरची गाठ. नाव एकच, पण जनुकं तपासली की चार प्रकार निघतात. एका प्रकारातली बहुतेक मुलं उपचारांनी बरी होतात, दुसऱ्यात धोका फार. म्हणजे प्रकार कळला, तर कुणाला किती जालीम उपचार द्यायचे ते ठरवायला आधार मिळतो. २०१३ साली त्यांच्या गटाने मायक्रोआरएनएवर आधारलेली चाचणी मांडली. मेणात जपलेल्या गाठीच्या जुन्या तुकड्यांवरही ती चालते. बाई सर्जन नाहीत. पण त्या निबंधावर डॉ. अलीअसगर मोइयादी, डॉ. चंद्रशेखर देवपुजारी अशा न्यूरोसर्जनांचीही नावं आहेत. गाठ हातात येते ती यांच्याच ना!

म्हणून माझं स्पष्ट मत, दोन्ही एकटीने करायचा हट्ट धरू नकोस. परदेशात काही सर्जनांना आठवड्यातले दिवस प्रयोगशाळेसाठी राखून मिळतात. आपल्या सरकारी दवाखान्यात ओपीडीची रांगच संपत नाही, पिपेट कधी धरशील? जोडीदार शोध. लग्नाचा नव्हे गं, प्रयोगशाळेतला. प्रश्न आणि नमुना तुझा, यंत्रं आणि वेळ त्याचा.

आणि धाराशिवच्या कॉलेजात मोठी प्रयोगशाळा नाही, ही कुरकुर आता पुरे. पाठीवर गाठ घेऊन जन्मणारी बाळं तुला पुढे हाताळायचीत ना? गर्भातली मज्जारज्जूची नळी नीट मिटली नाही की ती गाठ येते, आणि ही नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते. तेव्हा पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. आधी असं बाळ झालेल्या बायकांना फोलिक ॲसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ सालीच दिसलं. पुण्याच्या डॉ. कौमुदी गोडबोले आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने ब-१२ कडेही लक्ष वेधलं. मग लोहारा-भूमच्या आपल्या बायका गोळी सुरू करतात कधी? आशाताईंकडे नोंद झाल्यावर? तोवर नळी मिटायची ती मिटलेली असते. हे विचारायला एक वही आणि ओपीडीतला बाक पुरतो.

एमबीबीएसच्या पोरांसाठी आयसीएमआरची एसटीएस योजना आहे, दोन महिन्यांचं छोटं संशोधन. पीएसएमच्या, म्हणजे समाजवैद्यकाच्या, मॅडमना आधीच गाठ, गाईड लागतो आणि एथिक्स कमिटीत वेळ जातो. विषय एका पानात लिही आणि मला पाठव. आबांना सध्या यातलं काही बोलू नकोस, रविवारी मी येतेच आहे.