शरीराची वीणा



मुलाने गाण्याचा हट्ट धरला की, "गाण्याने पोट भरते काय?" असे आपण सहज विचारतो. काही जण तर बसवण्णांच्या एका वचनाचाच आधार घेतात. शिवाला नाद प्रिय नाही, वेदही प्रिय नाही, त्याला भक्तीच प्रिय आहे, असा त्या वचनाचा आशय आहे. तेथे रावणाच्या गायनाचा आणि ब्रह्मदेवाच्या वेदपठणाचा दाखला येतो. दोघांचेही शेवटी भले झाले नाही. मग माणसाच्या जीवनात कलेला स्थान ते कोणते? आजच्या पाठात याचा विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की या वचनात नादाची निंदा नाही. "मी गातो, मी जाणतो" हा जो अहंकार गाण्यात आणि विद्येत शिरतो, त्याची निंदा आहे. नाद त्याज्य असता, तर दुसऱ्या एका वचनात बसवण्णांनी आपल्या देहाचेच वाद्य करण्याची प्रार्थना केली नसती. त्या वचनात देह वीणेचा दांडा होतो, मस्तक भोपळा होते, शिरा तारा होतात आणि बोटे त्या छेडण्याच्या काड्या होतात. असे हे वाद्य उराशी धरून कूडलसंगमदेवानेच वाजवावे, एवढेच मागणे आहे.

यातील भोपळ्याचा दृष्टांत विशेष मननीय आहे. मिरजेचे तंबोरे आपल्या परिचयाचे आहेत. 2024 साली तेथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे. तो वाळवावा लागतो, आतला गर व बिया काढून पोकळ करावा लागतो. गर भरलेला भोपळा घुमत नाही. मस्तकाचा भोपळा कर, असे म्हणणे म्हणजे माझ्यातला मीपणा कोरून काढ, असे म्हणणे आहे. कला माणसाला हेच शिकवते. खरा षड्ज लावायचा तर आधी स्वतःचा गलबला थांबवून ऐकावे लागते.

आता कोणी म्हणेल, आम्हाला सूर-ताल कळत नाही, आमचे काय? त्याचेही उत्तर बसवण्णांनी दिले आहे. आपल्याला तालाचे मोजमाप ठाऊक नाही, छंदातील गणांचा हिशेब ठाऊक नाही, तरी मन जसे रमेल तसे आपण गाऊ, असे ते एका वचनात सांगतात. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ज्याला जमते त्याने साधना करून कला निर्दोष करावी, कारण ती अर्पण करायची आहे. ज्याला जमत नाही त्यालाही गाण्याचा अधिकार आहे.

शरणांच्या मेळ्यात कलावंत होतेच. किन्नरी वाजविणारे किन्नरी बोम्मय्या, डक्का वाजविणारे डक्केय बोम्मण्णा, सोंगे घेणारे बहुरूपी चौडय्या, लोकांना हसविणारे नगेय मारितंदे. ही मंडळी आपली कला टाकून शरण झाली नाहीत. कला हेच त्यांचे कायक होते.

पोटाच्या प्रश्नाचे उत्तर गदगला मिळते. पंचाक्षरी गवई (1892–1944) जन्मांध होते. त्या काळी अंध मुलाच्या वाट्याला बहुधा परावलंबनच येई. हानगलच्या कुमारस्वामींनी त्यांच्यातला सूर ओळखला आणि शिक्षणाची व्यवस्था केली. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे पंचाक्षरींनी हिंदुस्थानी गायकीचे शिक्षण घेतले. पुढे वीरेश्वर पुण्याश्रमात त्यांनी अंध व निराधार मुलांना विनामूल्य अन्न आणि विद्या दिली. बसवराज राजगुरू त्यांचेच शिष्य. दुसरे शिष्य पुट्टराज गवई (1914–2010) स्वतः अंध असून त्यांनी गुरूंच्या मागे आश्रम चालविला. 2010 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पोट तर भरलेच, पण त्याहून मोठे घडले. ज्याला लोक ओझे समजत, तो मुलगा गुरू झाला, दासोह करणारा झाला. भाकरी माणसाला जगविते. कला त्याला देण्याजोगे काही मिळवून देते.

वाचकहो, आपल्यापुरते आणखी एक कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपल्या अनेक घरांतून कन्नड वाचणे सुटले आहे. वचने मुळात गद्यासारखी, मुक्त लयीची. तरी मल्लिकार्जुन मन्सूर (निधन 1992) यांनी ती रागांत गायिली आणि कन्नड न कळणाऱ्या श्रोत्यांपर्यंतही त्यांतला भाव पोहोचला. पाठ केलेला अर्थ मूल विसरते, पण चालीवर गायिलेले वचन म्हातारपणीही ओठांवर येते. ते एकदा ओठांवर असले, की अर्थ विचारण्याची इच्छाही केव्हातरी होते.

म्हणून लिंगपूजेनंतर घरातील सर्वांनी मिळून एक वचन गावे. सूर चुकला म्हणून मुलाला हसू नये. ज्याचा गळा किंवा हात खरोखर चालतो, त्याला गुरूकडे पाठवावे आणि त्याच्या रियाजाला कायकाचा मान द्यावा.

चिंतनासाठी : माझ्या मस्तकाच्या भोपळ्यात अजून कोणता गर शिल्लक आहे?

शरणु शरणार्थी.