नाक बदलेल, समाधान मिळेल का?

प्रश्न : माझी २४ वर्षांची मुलगी नाकाची शस्त्रक्रिया करायची म्हणते. हा मनाचा आजार तर नाही?

उत्तर : नुसती इच्छा म्हणजे आजार नव्हे, अपेक्षा वास्तववादी असतील तर बहुतेक जण समाधानी असतात. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी मात्र १९६० मध्येच लिहिले होते, की चेहरा सुधारूनही काहींचा न्यूनगंड जात नाही. इतरांना जेमतेम दिसणाऱ्या दोषापायी ती तासन्‌तास आरशापुढे घालवत असेल, लोकांत जाणे टाळत असेल, तर ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ची शंका घ्यावी. समाजात सुमारे २ टक्के लोकांत आढळणारा हा विकार अशा शस्त्रक्रियांसाठी येणाऱ्यांत कितीतरी अधिक दिसतो. ‘एकदा करून टाकली की मन शांत होईल’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. असमाधान अनेकदा दुसऱ्या अवयवावर सरकते. गुण येतो तो मानसोपचार आणि औषधांनी. शस्त्रक्रियेनंतर नेमके काय बदलेल, हे तिला विचारा. लग्न, नोकरी, मैत्री सारे त्यावरच अवलंबून वाटत असेल, तर सर्जनआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.