उपदेश तयार करताना : "घरी काय घेऊन जाऊ?"

आजचं वाचन : नहेम्या 8:1-12 आणि योहान 11:17-44



युवा रविवार जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच, "संदेश माझ्याकडे दिलाय. तयारी कशी करू?" आधी माझीच फजिती सांगतो. त्यातूनच मी शिकलो.

काही वर्षांपूर्वी इथे नागपुरात मला पहिल्यांदा उपदेशाची संधी मिळाली. उतारा होता योहान 11, लाजराचा. शनिवारी रात्री मोबाइलवर चार मोठ्या वक्त्यांचे संदेश ऐकले, त्यातून सात मुद्दे काढले, दोन ग्रीक शब्द पाठ केले. रविवारी तब्बल 45 मिनिटं बोललो. मित्रांनी पाठ थोपटली. मग दाराशी एका मावशींनी हात धरला आणि म्हणाल्या, "छान बोलला रे बेटा. पण मी घरी काय घेऊन जाऊ?"

मी हसून वेळ मारून नेली. नंतर कळलं, दोन महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते आणि त्यानंतर त्या पहिल्यांदाच उपासनेला आल्या होत्या. कबरेजवळ येशू रडला, हे सांगणारं 35वं वचन माझ्या सात मुद्द्यांत कुठेच नव्हतं. ते लहान आहे म्हणून मी ओलांडून गेलो होतो.

आता नहेम्याचा 8वा अध्याय उघडा. पाणीवेशीपुढच्या चौकात लोक जमलेत. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. 8वं वचन नीट बघा. तिथे तीन कामं आहेत : स्पष्ट वाचणं, अर्थ सांगणं आणि लोकांना समजेल असं करणं. तिसरं काम झालं नाही तर पहिली दोन अपुरी राहतात. याच पुस्तकाच्या 13व्या अध्यायात दिसतं की काही घरांतल्या मुलांना यहुद्यांची भाषा बोलताच येत नव्हती. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको!

आणि शेवट काय होतो? 12व्या वचनात लोक घरी जातात, खातात-पितात, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा पाठवतात आणि मोठा आनंद करतात. कारण? सांगितलेलं त्यांना समजलं होतं. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. उपदेश चांगला झाला की नाही, ते लोक घरी काय घेऊन जातात यावरून कळतं.

मग तयारी कशी करायची?

1. सोमवारी सुरू करा. शनिवारची रात्र फार उशिराची असते. एकच उतारा घ्या आणि आठवडाभर रोज मोठ्याने वाचा. एकदा जुन्या भाषांतरात, एकदा सोप्या मराठीत. पहिले दोन दिवस कुणाचाही संदेश ऐकू नका, कुठलंही स्पष्टीकरण उघडू नका. दुसऱ्याच्या डोळ्यांनी आधी पाहिलं की आपल्याला स्वतःला काही दिसतच नाही. नंतर जरूर उघडा, चुका कळतात.

2. मागचं-पुढचं बघा. कोण, कुणाला, कुठल्या परिस्थितीत बोलतंय? फिलिप्पै 4:13 आपण परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टेटसला ठेवतो. पण पौल बंदिवासात आहे आणि बोलतोय पोटभर असण्याबद्दल आणि उपाशी असण्याबद्दल. दोन्हींत समाधानी राहायला तो शिकलाय. नीटमध्ये नंबर लागला त्याच्यासाठी हे वचन आहेच, पण ज्याचा नाही लागला त्याच्यासाठी तर जास्तच आहे. मागची दोन वचनं वाचली नसती तर त्या दुसऱ्या मुलाला आपण रिकाम्या हाताने घरी पाठवलं असतं.

3. एक वाक्य लिहा. "या रविवारी मला एवढंच सांगायचं आहे की..." हे वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, तर उपदेश अजून तयार नाही. जे या वाक्याला मदत करत नाही ते काढा, कितीही आवडलेलं असो. माझे सात मुद्दे म्हणजे सात अर्धवट उपदेश होते.

4. आधी ऐका. हिस्लॉप कॉलेज आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या नावाने ते आहे, ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये स्कॉटलंडहून सुवार्ता सांगायला नागपुरात आले. त्यांनी मराठी शिकून घेतली. गोंड लोकांत फिरून त्यांची गाणी, शब्द, चालीरीती उतरवून घेतल्या. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटजवळ नदी ओलांडताना ते बुडून वारले. त्यांच्या नोंदी 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापल्या. सांगायला आलेल्या माणसाने आधी किती ऐकलं, बघा!

आपण तर ज्यांच्यात वाढलो त्यांच्याशीच बोलणार आहोत. मंडळीत या आठवड्यात कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी बाळ आलंय? पाळकसाहेबांना विचारा. मी एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

येशूकडे बघा ना. मार्था आणि मरीया दोघी त्याला एकच गोष्ट म्हणतात : तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता (वचनं 21 आणि 32). मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेचं रडणं पाहून मात्र तो स्वतः रडतो. तक्रार एकच, पण समोरचं माणूस वेगळं. थोड्याच वेळात लाजर बाहेर येणार आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी तो अश्रूंची पायरी गाळत नाही.

5. आपल्या भाषेत बोला. रेव्हरंड ना. वा. टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. पुढे नागपूरच्या पलीकडे, राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या 5व्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, ते थबकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्त सांगितला तो अभंगांतून आणि कीर्तनातून, मराठी कानाला ओळखीच्या असलेल्या वाटेने. म्हणून त्यांची गीतं आपण उपासनेत अजून गातो. तुम्ही कीर्तनच करा असं नाही. पण आईशी स्वयंपाकघरात जसं बोलता, तसं पुलपिटवर बोलायला काय हरकत आहे? ग्रीक शब्दाचा अर्थ सांगा, शब्द नाही सांगितला तरी चालेल.

6. मोठ्याने सराव करा. 20 मिनिटं भरपूर झाली. गच्चीवर जा, घड्याळ लावा, बोला. जिथे अडखळता, तिथे बहुतेक वेळा तुम्हालाच अर्थ नीट कळलेला नसतो.

7. उसनं आणू नका. दुसऱ्याचं उदाहरण घेतलं तर तसं सांगा. पण दुसऱ्याचा अख्खा उपदेश आपला म्हणून देणं हे खोटं बोलणं आहे, आणि तेही देवाच्या घरात. वचनाने आधी तुम्हाला विचारू द्या. जे मला लागलं नाही, ते मी दुसऱ्याला काय देणार?

पुढच्या आठवड्यात मी मावशींच्या घरी गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून तोच अध्याय वाचायला लागलो. 35व्या वचनाला त्यांनी हाताने थांबवलं. जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे काहून नाही सांगितलं रे त्या दिवशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून उपदेश लिहून झाला की कागदावर वरती त्यांचा पहिला प्रश्न लिहितो आणि मग सगळं पुन्हा वाचतो.

आज करून पाहा : योहान 11:17-44 मोठ्याने वाचा. तुमच्या ओळखीच्या एका दुःखी माणसाला यातून काय सांगाल, ते एका वाक्यात लिहा.

प्रार्थना : प्रभू येशू, बोलण्याआधी मला ऐकायला शिकव. माझी हुशारी नको, तुझं वचन लोकांच्या घरापर्यंत पोहोचू दे. जे रडतात त्यांना ओलांडून मी पुढे जाऊ नये, असं कर. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.