कॅथ लॅबमधील क्ष-किरण : किती आणि कशासाठी?



बंगळूरुच्या बन्नेरघट्टा रस्त्यावर श्री जयदेव हृद्रोग संस्था आहे. हृदयावरील उपचारांसाठी दूरदूरचे रुग्ण तेथे येतात. ‘आजोबांची अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट टाकला’ हे वाक्य आपल्याही घरी कधीतरी कानांवर पडले असेल. हे उपचार क्ष-किरणांच्या मदतीने होतात. ते किरण रुग्णाच्या शरीरावर काय परिणाम करतात, हे या पाठात पाहू.

मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान याने अशी नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नेली होती. पुढे १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग याने फुग्याच्या साहाय्याने हृदयाची अरुंद धमनी रुंद केली. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये एकच छायाचित्र असते, कॅथ लॅबमध्ये मात्र चलच्चित्र लागते. म्हणून किरणांची मात्राही जास्त असते.

मात्रा दोन प्रकारे सांगतात. कर्करोगाच्या दूरच्या धोक्याचा अंदाज मिलिसिव्हर्टमध्ये करतात. छातीचा साधा एक्स-रे सुमारे ०.०२, अँजिओग्राफी सुमारे ७ आणि अँजिओप्लास्टी सुमारे १५ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्वचेवर पडणारी मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. एकाच जागी सुमारे २ ग्रेपेक्षा जास्त मात्रा पडल्यास त्वचा लाल होऊ शकते. त्याहून बरीच जास्त झाल्यास काही आठवड्यांनी व्रण होऊ शकतो. बहुतेक रुग्णांना यातले काहीही होत नाही. धोका वाढतो तो लांबलेल्या, गुंतागुंतीच्या किंवा पुन्हा पुन्हा केलेल्या उपचारांत. स्थूल शरीरातून आरपार जाण्यासाठी किरणही अधिक लागतात.

आता थोडे भौतिकशास्त्र. किरणांची नळी सहसा टेबलाखाली असते, त्यामुळे किरण पाठीतून आत शिरतात. अंतर वाढले की तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. चित्र घेणारा डिटेक्टर जागेवर ठेवून टेबल उचलले आणि नळीपासून पाठीचे अंतर ५० सेंटिमीटरवरून ७० झाले, तर ५० चा वर्ग भागिले ७० चा वर्ग, म्हणजे २५०० भागिले ४९००. पाठीवरील मात्रा जवळजवळ निम्म्यावर आली! म्हणून टेबल शक्य तेवढे उंच आणि डिटेक्टर छातीच्या जवळ ठेवतात. हवा तेवढाच भाग उजळतात, सेकंदाला चित्रे कमी घेतात आणि अधूनमधून कोन बदलतात. पेडल दाबलेले असेल तेवढाच वेळ किरण निघतात. फायरिंग रेंजवर हुकमाशिवाय एकही गोळी सुटत नाही, तीच शिस्त या पेडलाला हवी.

भारतात कॅथ लॅबला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. तेथे काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. रुग्णासाठी मात्र अशी मर्यादा नाही, कारण उपचार अर्धवट सोडणे अधिक घातक ठरू शकते. त्याच्यासाठी नियम दोन : उपचाराची खरी गरज असावी, आणि कामापुरतेच किरण वापरावेत.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पूर्वी असे उपचार झाले असतील किंवा रुग्ण स्त्री गरोदर असण्याची शक्यता असेल, तर आधीच सांगावे. नंतर एकूण मात्रा किती झाली हे विचारून कागदपत्रांत नोंद ठेवावी. यंत्राने ५ ग्रे किंवा अधिक दाखवले असेल, तर पुढील काही आठवडे पाठ घरच्यांनी पाहावी, कारण ती रुग्णाला स्वतःला दिसत नाही. लाल चट्टा किंवा जखम दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञाला अँजिओप्लास्टीची माहिती अवश्य द्यावी. नाहीतर नायटा समजून मलमे लावण्यात वेळ जातो. मात्र किरणांच्या भीतीने उपचार टाळू नये. हृदयविकाराच्या झटक्यात बंद धमनी वेळेत उघडणे हेच जीव वाचवते.

सरावासाठी : अंतर ६० वरून ७५ सेंटिमीटर केल्यास पाठीवरील मात्रा किती टक्के उरेल?