प्रमाणावर भार नको

सोनाराच्या तराजूंतील वजनच खोटें असेल, तर तराजू कितीही नाजूक असला तरी तोल खोटाच यावयाचा. विजेच्या मापनासही हाच नियम लागू आहे. तो आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

विजेचा दाब अंकांत मांडणाऱ्या साधनास ॲनॅलॉग-डिजिटल कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या एका प्रचलित प्रकारांत अज्ञात दाब एका स्थिर प्रमाणदाबाशीं ताडून पाहतात. प्रथम प्रमाणाचा निम्मा भाग, मग चतुर्थांश, मग अष्टमांश, अशीं जणूं वजनें पारड्यांत घालीत किंवा काढीत सोळा वेळां तुलना होते व प्रमाणाचे ६५,५३६ भाग पडतात. प्रमाण २.५ व्होल्टचें असल्यास एक भाग सुमारें ३८ मायक्रोव्होल्टचा होतो.

परंतु प्रत्येक तुलनेच्या वेळीं साधनांतील लहान कंडेन्सर प्रमाणाकडून थोडी वीज ओढून घेतात. वाटेंत अवघा १ ओहम रोध असून १ मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तर दाब १ मिलिव्होल्टनें उतरतो. तुलना होईपर्यंत तो सावरला नाहीं, तर मोठा दाब मोजतांना सुमारें २६ भागांची चूक पडते. ही चूक दर वेळीं एकाच बाजूस पडत असल्यानें शंभर मापांची सरासरी काढूनही ती जात नाहीं.

यास उपाय काय? एडवर्ड वेस्टन यांनीं १८९३ सालीं केलेला कॅडमियमचा घट २० अंश सेल्सियसला १.०१८३ व्होल्ट दाब देई. त्याचा दाब टिकावा म्हणून पोटेन्शिओमीटरवर तोल साधून, त्यांतून प्रवाह जवळजवळ न घेतां तुलना करीत. आज हेंच काम बफर करतो. हा प्रवर्धक प्रमाणाकडून नगण्य प्रवाह घेतो, तितकाच दाब पुढें देतो आणि भार स्वतः वाहतो. कन्व्हर्टरच्या अगदीं जवळ बसविलेला मोठा कंडेन्सर क्षणिक मागणी भागवितो व बफर तो पुन्हां भरून काढतो.

मात्र बफर निवडतांना दक्षता हवी. त्याच्या अंगचा दोष मापांत तसाच उतरतो. शिवाय मोठा कंडेन्सर जोडला असतां कांहीं प्रवर्धक स्थिर न राहतां आंदोलूं लागतात.

प्रमाण ढळलें तरी साधन सर्व अंक पूर्वीसारखेच ठळक दाखवितें. म्हणून लांबलचक आंकडा दिसतांच त्यावर भुलूं नये. त्याच्यामागील प्रमाण भारावांचून स्थिर आहे काय, हें आधीं विचारावें.